कॉन्ट्रा ३० लाईफशिवाय कोणी खरंच संपवलंय का?

इंदिरानगरी · शनिवार, रात्री १०:०५

दिवाळीची साफसफाई म्हणून आज माळा उपसला. गौरीच्या मुखवट्यांच्या खोक्याखाली माझा लिटल मास्टर, म्हणजे लहानपणीचा व्हिडिओ गेमचा सेट, सापडला. आईने जुन्या परकरात गुंडाळून, वर सुतळी बांधून ठेवला होता. दोन रिमोट (एकाची वायर उंदराने कुरतडलेली), अडॅप्टर, आणि कॉन्ट्रा गेमची पिवळी कॅसेट. स्टिकर अर्धा उडालाय, पण उघड्या अंगाचे ते दोन गडी अजून बंदुका धरून उभे आहेत.

दोन प्रश्न आहेत.

१) हा सेट नव्या टीव्हीला लागेल का? आमच्याकडे आता भिंतीवरचा सपाट टीव्ही आहे.

२) मुलगी अकरा वर्षांची आहे. तिने विचारलं, "बाबा, तुम्ही हा गेम संपवला होता?" मी छाती पुढे काढून "हो" म्हणालो. तीनऐवजी ३० लाईफ देणारा बटणांचा कोड घालून संपवला होता, हे सांगितलं नाही. तेव्हापासून थोडं टोचतंय. इथे कोणी तीन लाईफवर संपवलाय का? आणि ३० वर संपवला तर "संपवला" म्हणायचं की नाही?

टर्बो_बटण · रात्री १०:११

संपवला म्हणजे संपवला. परीक्षेला गाइड वापरली म्हणून कोणी डिग्री परत मागतं का?

रविवार_कारंजा · रात्री १०:२८

धागा वाचून थेट आमच्या वाड्यात गेलो. अठरा बिऱ्हाडं आणि व्हिडिओ गेम एकाकडेच. आणि कोड माहीत असलेला मुलगाही एकच, तो त्या घरचा नव्हता, वरच्या मजल्यावरचा. त्यामुळे गेमचा मालक एक आणि गेमचा राजा दुसरा, अशी विचित्र व्यवस्था होती.

टायटल आलं की तो आमच्याकडे पाठ करायचा, रिमोट शर्टाच्या आत घ्यायचा आणि खटाखट काहीतरी दाबायचा. पुढचं जंगल सुरू झालं की लाईफ संपतच नसत. आम्ही महिनाभर त्याच्या अंगठ्याकडे नाही, खांद्याकडे बघत होतो. खांदा किती वेळा हलला ते मोजायचो. दहा वेळा हलतो इथपर्यंत आमचं संशोधन गेलं होतं.

शेवटी सातवीत त्याने सांगितला. मोबदला म्हणून माझी आठवडाभराची पाळी घेतली. मी तो भूमितीच्या वहीच्या मागच्या पानावर बाणांनी लिहून ठेवला. सरांनी विचारलं हे काय, तर म्हटलं "दिशा, सर".

पाटील_जळगावकर · रात्री १०:३४

वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए स्टार्ट. आन् दोघं असले त स्टार्टच्या आंधी सिलेक्ट. मी फुकट सांगून राहिलो ना भो. एक आठवडा वाचला तुमचा.

रविवार_कारंजा · रात्री १०:३६

तीस वर्षं उशीर झाला, पाटील.

सातपूर_वर्कशॉप · रात्री १०:५०

इंदिरानगरी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर. घाई करू नका, नाहीतर एका मिनिटात धूर निघेल.

आधी अडॅप्टर. सेटच्या तळाशी किती व्होल्ट लिहिलंय आणि पिनेचा मधला भाग प्लस की मायनस, ते बघा. या सेटमध्ये मधला भाग मायनस असणं नेहमीचं आहे, आणि आज घरातले बहुतेक अडॅप्टर उलटे असतात. राउटरचा अडॅप्टर "बसतोय ना" म्हणून लावू नका.

मग टीव्ही. सेटला पिवळी-पांढरी भोकं असतील तर ती वायर घ्या. नव्या टीव्हीला तीन भोकं नसली तरी एव्ही लिहिलेलं बारीक गोल भोक बहुतेकदा असतं, त्याची जोडवायर एमजी रोडला मिळून जाईल. सेटला फक्त अँटेनाची वायर असेल तर टीव्हीत अ‍ॅनालॉग चॅनेल मॅन्युअली शोधा, सुरुवातीच्याच चॅनेलांवर सापडेल. बंदूक असेल तर ती विसरा. बदकं मारायची ती बंदूक जुन्या काचेच्या टीव्हीवर चालते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, बंदूक तो उजेड टिपते. नव्या टीव्हीत चित्र उमटायला जो किंचित उशीर होतो त्यात तिचा हिशोब चुकतो.

आणि कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारली, आणि ती चालू झाली की फुंकरीला श्रेय दिलं. खरं म्हणजे काढून परत घातल्यामुळे पट्ट्या नीट टेकायच्या. फुंकरीतल्या ओलाव्याने पट्ट्या काळ्या पडतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपाइल लावून पुसा. केमिस्टकडे मिळतं.

टर्बो_बटण · रात्री १०:५४

फुंकर खोटी होती?? आता काय शिल्लक राहिलं आयुष्यात.

किडा_इतिहासाचा · रात्री ११:२०

कोडबद्दल थोडं, कारण दर वेळी "कॉन्ट्राचा कोड" म्हटलं जातं. तो मुळात कॉन्ट्राचा नाहीच.

कोनामी कंपनीचा ग्रेडियस नावाचा अंतराळयानाचा गेम १९८६ साली घरच्या मशीनवर आणायचं काम काझुहिसा हाशिमोतो यांच्याकडे होतं. गेम तपासायचा म्हणजे शेवटपर्यंत खेळायचा, आणि तो त्यांना स्वतःलाच जमत नव्हता. म्हणून त्यांनी सगळी शस्त्रं एकदम मिळावीत असा कोड आपल्या सोयीसाठी घातला, आणि तो तसाच आत राहिला. कॉन्ट्रा १९८७ मध्ये आधी आर्केडमध्ये (नाणं टाकून खेळायच्या मशीनवर) आला आणि १९८८ मध्ये घरच्या मशीनवर. त्यात हाच कोड ३० लाईफ देऊ लागला आणि जगभर गाजला. हाशिमोतो फेब्रुवारी २०२० मध्ये गेले.

म्हणजे इंदिरानगरी, ज्याने कोड केला त्यालाच गेम जमत नव्हता. तुम्ही निवांत झोपा.

गोष्टीचीही गंमत आहे. जपानी आवृत्तीत साल २६३३, न्यूझीलंडजवळची गालुगा बेटं आणि रेड फाल्कन नावाची टोळी. अमेरिकेत विकताना पुस्तिकेत तेच जंगल अ‍ॅमेझॉनचं झालं. युरोपात तर माणसंच काढून टाकली. जर्मनीत माणसं मारण्याच्या खेळांवर कडक नियम होते, म्हणून बिल आणि लान्स या आपल्या दोन गड्यांच्या जागी यंत्रमानव घातले आणि नाव ठेवलं प्रोबोटेक्टर.

कडक_शिस्त · रविवार, सकाळी ७:१५

सकाळी सकाळी वाईट बोलतो, माफी असावी. ३० लाईफने संपवलेला गेम संपवलेला नाही.

कॉन्ट्राची सगळी रचना एका गोष्टीवर उभी आहे: एक गोळी लागली की मेलात, आणि मेलात की हातातली बंदूकही गेली. एस अक्षराची बंदूक मिळाली की पाच गोळ्या पंख्यासारख्या सुटतात. ती हातात असताना तुम्ही वेगळे खेळता, जपून, वाकून. ती गेली की साध्या टिकटिक बंदुकीवर परत यायचं. हीच खरी भीती. ३० लाईफ असल्या की माणूस बेफिकीर होतो, मरत मरत पुढे सरकतो. तो बॉसला (लेव्हलच्या शेवटच्या मोठ्या शत्रूला) हरवत नाही, बॉसला कंटाळा आणतो.

आणि गेम अन्याय करत नाही. उडी मारली की गडी गोळा होतो, अंग लहान होतं, गोळी चुकवता येते. आडवं पडलं की बहुतेक गोळ्या वरून जातात. सैनिक बहुतेक कुठून येणार ते कळायला लागतं. मी दोन मे महिने घालवले आणि तीन लाईफवर सहाव्या लेव्हलपर्यंत गेलो. आगीच्या नळ्यांपुढे नाही गेलो. पण "संपवला" असं कुठे म्हणत नाही.

टर्बो_बटण · सकाळी ८:०२

म्हणजे ज्यांनी संपवला नाही ते, ज्यांनी संपवला त्यांना, संपवला नाही म्हणून सांगतायत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आल्यासारखं वाटलं.

सोमेश्वर_रिटर्न · सकाळी ८:४०

कोणी तिसऱ्या लेव्हलबद्दल बोलत नाहीये कारण सगळे दोषी आहेत. धबधबा. पडदा वर सरकतो आणि जो खाली राहिला तो मेला, गोळी नाही, शत्रू नाही, फक्त सोबत्याची घाई. मी माझ्या धाकट्या भावाला त्या धबधब्यात किती वेळा मारलं याची गणती नाही. वर त्याची लाईफ संपली की तो माझ्यातली उचलायचा. म्हणजे मी त्याला मारायचो आणि तो माझ्याच जिवावर परत यायचा. आम्ही आजही शेतीच्या वाटणीत असंच वागतो.

पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्यावर गेलो की आपोआप खाली बघतो, दोन नंबरवाला आला का.

चिंतामणी_ओक · सकाळी ९:१०

"लाईफ उचलायचा", "लाईफ गेली", "एक लाईफ दे ना". मराठीत याला चांगला शब्द नाही का? जीव? प्राण?

पाटील_जळगावकर · सकाळी ९:१३

"आई, त्यानं माझा प्राण घेतला." मंग आई लाटणं घेऊन येईन ना भो.

झाडं_हलायची · सकाळी १०:३०

माझी एक जुनी जखम आहे. माझ्या मावसभावाकडे (देवळाली कॅम्प) जी कॅसेट होती त्यात पहिल्या जंगलातली झाडं हलायची. पानं वाऱ्यावर डुलायची. मी शाळेत हे सांगितलं तर सगळ्यांनी वेड्यात काढलं, कारण आमच्या कोणाच्याच कॅसेटमध्ये झाडं हलत नव्हती. मग मलाच वाटायला लागलं की आपण स्वप्नात बघितलं. पुढे मी भावालाही म्हणालो की तू काहीतरी गंडवलंस. तो चिडला. बरीच वर्षं बोलणं नव्हतं, अर्थात बाकीही कारणं होती.

हलायची का हो झाडं?

किडा_इतिहासाचा · सकाळी १०:४१

हलायची! तुमच्या भावाकडे जपानी आवृत्तीची कॉपी होती. जपानी कॅसेटमध्ये कोनामीने स्वतःची वेगळी चिप घातली होती, व्हीआरसी२. त्यामुळे झाडं हलतात, बर्फाच्या लेव्हलमध्ये बर्फ उडतो आणि दोन लेव्हलच्या मध्ये नकाशा येतो. अमेरिकी आवृत्तीत ती चिप नव्हती, म्हणून ते सगळं काढून टाकलं. आपल्याकडच्या "९९९९९९ इन १" छाप कॅसेटमध्ये बहुतेक अमेरिकीच असायचा.

झाडं_हलायची · सकाळी ११:२५

भावाला फोन केला. म्हटलं, "झाडं हलायची रे, तुझं बरोबर होतं." तो म्हणाला, "कोण बोलतंय?"

पण मग अर्धा तास बोललो.

रविवार_कारंजा · सकाळी ११:३०

किडा म्हणतो त्या "९९९९९९ इन १" मध्ये खरे गेम वीसच असायचे. बाकी तेच परत. कॉन्ट्रा, मग कॉन्ट्रा लेव्हल २ पासून, मग कॉन्ट्रा ३० लाईफ असं वेगळं नाव. म्हणजे ज्या कोडसाठी मी आठवडा गहाण टाकला तो मेन्यूत उघडा पडला होता, कुठेतरी ४७ नंबरला. इतक्या खाली कोणी जायचंच नाही.

नवखा_२००५ · दुपारी १२:०५

नमस्कार, मी बहुतेक इथे सगळ्यांत लहान. इंजिनिअरिंगला आहे. मागच्या वर्षी हा गेम मोबाईलवर इम्युलेटरमध्ये (जुने गेम चालवणारं अ‍ॅप) संपवला. दर दोन मिनिटांनी सेव्ह करत करत. कडक_शिस्त काका आता मारणार, माहीत आहे.

पण मला प्रामाणिकपणे वाटतं की तुम्ही सगळे आठवणींवर प्रेम करताय, गेमवर नाही. बघा ना: गोळ्या पार्श्वभूमीत पटकन दिसत नाहीत, एल बंदूक घेतली आणि परत बटण दाबलं की सुटलेला किरणच गायब, दुसऱ्या आणि चौथ्या लेव्हलला अचानक पाठीमागून दिसणारा वेगळाच खेळ. आजचे कठीण गेम जास्त प्रामाणिक आहेत. सेलेस्ट (२०१८) घ्या. प्रचंड अवघड, पण मेलात की तिथल्या तिथे परत, आणि हवं तर असिस्ट मोड लावून वेग कमी करा, न मरणारे व्हा. कोणी फसवणूक म्हणत नाही. कपहेड (२०१७) तर कॉन्ट्राच्याच घराण्यातला, पण त्यात प्रत्येक बॉस काय करणार हे त्याच्या चेहऱ्यावर आधी दिसतं.

कडक_शिस्त · दुपारी १२:३०

मारणार नाही. एलबद्दल बरोबर आहेस, ती बंदूक म्हणजे शिक्षाच. आम्ही एल दिसली की तिच्याभोवतून वळसा घालायचो. एफ बंदूक त्याहून वाईट, गोळी गिरक्या घेत जाते, निवांत.

पण चेहऱ्यावर आधी दिसतं म्हणतोस, ते इथेही होतं. चौथ्या लेव्हलचा बॉस आठव, दोन डोकी. वेगळी असताना कितीही मार, काही होत नाही. ती एकमेकांवर आली की गोळी लागते. हे कुठेच लिहिलेलं नाही, आणि आम्हाला इंटरनेट नव्हतं. कोणीतरी मरून शोधलं आणि मग सगळ्या गल्लीला कळलं. तुझ्या सेव्हमुळे हे शोधायला तू मेलाच नाहीस.

नवखा_२००५ · दुपारी १२:४४

यूट्यूबवर बघितलं होतं, हे खरं.

सातपूर_वर्कशॉप · दुपारी १:१०

नवखा, कॉन्ट्राचाच नवीन ऑपरेशन गालुगा खेळलास का? २०२४ ला आला. त्यात एका गोळीत मरायचं की आयुष्याची पट्टी हवी ते निवडता येतं. म्हणजे हा वाद कंपनीने मेन्यूतच घालून टाकलाय. बरा आहे. २०१९ च्या रोग कॉर्प्सपेक्षा तर फारच बरा, त्याबद्दल न बोललेलं बरं.

ओझरची_बस · दुपारी १:४०

सेव्हवरून आठवलं. आमच्याकडे सेव्ह नव्हतं, उलट लाइट जायची. वेळापत्रक पेपरात यायचं, तरी ठरलेल्या वेळेआधी जायची. पूर्ण गेम चाळीसेक मिनिटांचा, म्हणून मी आणि मित्र घड्याळ लावून बसायचो, जणू बँक लुटायची आहे. एकदा सातव्या लेव्हलला, काटेरी भिंतींमधून निघालो, शेवटचा दरवाजा दिसला आणि पंखा थांबला. आम्ही दोघं अंधारात रिमोट धरून बसून राहिलो. शेजारच्या आजी म्हणाल्या, "कोणी गेलं का रे?"

सिंहस्थ_२००३ · दुपारी २:१५

आयडी बघून कळलंच असेल. पंचवटीत आमचं घर, आणि २००३ च्या सिंहस्थाला घरात नातेवाईक इतके की मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं. वडीलधारे स्नानाला गेले की आम्ही नऊ चुलत-मावस भावंडं आणि एक टर्मिनेटर सेट. नियम असा: मेला की रिमोट पुढच्याला. तीन लाईफ नाही, एकच. त्यामुळे कोड घातला की ३० लाईफ म्हणजे ३० पाळ्या. आम्ही कोड फसवायला घालत नव्हतो, वाटप करायला घालत होतो. नऊ जणांत तीन लाईफ वाटणार कशा?

त्या महिन्यात कॉन्ट्रा रोज संपायचा. कोणी संपवला हे सांगता येणार नाही.

टर्बो_बटण · दुपारी २:२०

प्रसाद म्हणून लाईफ. याहून नाशिकचं काही नाही.

चिंतामणी_ओक · दुपारी २:२२

मिसळ राहिली.

टर्बो_बटण · दुपारी २:२३

मिसळीवर जाऊ नका, मागच्या वेळी त्यावरून दोनशे प्रतिसाद झाले आणि धाग्याला कुलूप लागलं.

दुपारचा_चहा · दुपारी ३:३०

मी इथे फक्त वाचते, रेसिपी आणि बागेचे धागे. आज पहिल्यांदा गेमच्या धाग्यावर लिहितेय. वय ६७.

मी संपवला आहे. तीन लाईफवर. मला कोड माहीतच नव्हता, कारण मुलांनी मला सांगितला नव्हता.

१९९६ ची गोष्ट. मोठ्याची दहावी, म्हणून जूनमध्येच सेट कपाटात टाकून कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे. मुलं साडेअकराला शाळेत जायची, यांची कंपनीची बस त्याआधीच. घरातलं आवरून एक वाजता मी मोकळी. पहिल्या दिवशी "बघू तरी काय असतं एवढं" म्हणून लावला. पहिल्या पुलावर मेले, पूलच उडाला पायाखालून. दुसऱ्या दिवशी परत मेले. तिसऱ्या दिवशी राग आला.

मार्चपर्यंत रोज दुपारी. झोपायचं सोडून दिलं. धाकटा एकदा घरी येऊन म्हणाला, "आई, अडॅप्टर गरम कसा?" मी म्हटलं, "उन्हात होता." कपाटात ऊन कुठून येतं हे त्याने विचारलं नाही, तेवढा तो चांगला आहे.

जानेवारीत संपला. सांगायचं कोणाला? मुलांना सांगितलं तर कुलपाचा अर्थ काय राहिला. म्हणून आज इथे सांगतेय.

टर्बो_बटण · दुपारी ३:३३

🙏🙏🙏

रविवार_कारंजा · दुपारी ३:३५

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलोय.

कडक_शिस्त · दुपारी ३:५०

काकू, आदर आहे, पण विचारतो, राग मानू नका. शेवटी काय होतं?

दुपारचा_चहा · दुपारी ४:१०

राग कसला. मोठं हृदय असतं, धडधडत असतं. बाजूला अंड्यांसारख्या पिशव्या आणि त्यातून विंचवासारखे किडे उड्या मारत येतात. किडे मारत बसलं तर ते संपत नाहीत, हृदयावरच मारायचं. ते फुटलं की हेलिकॉप्टर निघतं आणि मागे सगळं बेट उडतं. मग नावं येतात. मला वाटलं आता मशीन बंद होईल. तर थोड्या वेळाने परत तेच पहिलं जंगल सुरू! मी उठून चहा टाकला.

आणि एक कबूल करते. त्या दिवशी एकदा कंटिन्यू घेतला होता (लाईफ संपल्या की त्याच लेव्हलपासून परत), बर्फाच्या लेव्हलला. दारावर गॅसवाला आला होता.

कडक_शिस्त · दुपारी ४:२१

परत जंगल सुरू होतं हे संपवल्याशिवाय कोणाला माहीत नसतं. मी मान्य करतो. कंटिन्यूचं... गॅसवाल्याचा कंटिन्यू धरू नये.

नवखा_२००५ · दुपारी ४:२५

काका तुम्ही सेव्ह धरता आणि गॅसवाला नाही???

कडक_शिस्त · दुपारी ४:२७

सिलिंडर परत गेला असता तर पंधरा दिवस थांबावं लागायचं. तुला नाही कळणार.

किडा_इतिहासाचा · दुपारी ४:४०

काकू, सहावी लेव्हल कशी केलीत? कडक_शिस्त दोन मे महिने तिथेच अडकलेत.

दुपारचा_चहा · संध्याकाळी ५:०५

आगीच्या नळ्या ना? ज्याने रॉकेलचा स्टोव्ह वापरलाय त्याला त्या लेव्हलची भीती वाटू नये. स्टोव्ह भडकला की आपण हात मागे घेतो, ज्वाळा बसली की पुढे करतो. तसंच. ज्योत बाहेर येते, जरा थांबते, आत जाते. आत गेली की लगेच निघायचं, अर्धवट थांबायचं नाही. पुरुष मंडळी तिथे घाई करतात किंवा घाबरतात, मध्ये काही नाही.

इंदिरानगरी · रविवार, रात्री ८:५०

दिवसभर धागा वाचतोय, मध्ये लिहायला वेळच मिळाला नाही. कारण सेट लागला! सातपूर_वर्कशॉप, तुमचे उपकार. अडॅप्टरची पिन खरंच उलटी होती, मी राउटरचाच लावणार होतो. चित्र थोडं पांढरट आहे पण आवाज तोच. तो सुरुवातीचा सूर वाजला आणि आई देवघरातून म्हणाली, "बंद कर ते, अभ्यास झाला का?" मी ४३ वर्षांचा आहे.

मुलीला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मग आता तीनवर संपवा." कोड तिला सांगितलेला नाही. दोघं मिळून खेळलो, ती मला धबधब्यात चार वेळा मारून गेली. सोमेश्वर_रिटर्न, तुमच्या भावाचं दुःख समजलं. शेवटी आगीच्या नळ्यांपाशी दोघांच्याही लाईफ संपल्या, कंटिन्यूही. काकूंचा स्टोव्हचा प्रतिसाद तेव्हा वाचलेला नव्हता.

काकू, आगाऊपणा वाटला तर सोडून द्या. पण तुम्ही नाशिकमध्येच असाल तर पुढच्या रविवारी संध्याकाळी आमच्याकडे याल का? मुलीला बघायचंय. आईही म्हणतेय, बोलाव. फक्त दुसऱ्या रिमोटची वायर उंदराने खाल्लेली आहे, टेप लावून कशीबशी चालते.

सातपूर_वर्कशॉप · रात्री ९:०२

रिमोट मी देतो. दोन पडून आहेत. नळ्यांपर्यंत नेलं तर बघायला मीही येईन म्हणतो.

कडक_शिस्त · रात्री ९:०४

मी पण. फक्त बघायला.

दुपारचा_चहा · रात्री ९:३०

येईन की. मी सिडकोतच असते. पण संध्याकाळी नको, एक वाजता ठेवा. दुपारचीच सवय आहे हाताला.